डोंगरी ट्रेल पार्कसाठी क्वाड की साइड-बाय-साइड?

क्वाड म्हणजे मोटारसायकलसारखी बसून, हँडल धरून चालवायची चारचाकी; साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी-शेजारी सीट असलेली छोटी उघडी गाडी. आधी पार्कचा नकाशा उघडा आणि गाडीच्या रुंदीची अट बघा. बऱ्याच अरुंद ट्रेल्सवर मर्यादा ५० इंचांची असते. क्वाड साधारण ४८ इंचांची, ती निघून जाते. ६० इंची साइड-बाय-साइडला तिथे प्रवेशच नाही.

क्वाडवर तुमचं शरीर हाच अर्धा सस्पेन्शन. चढाला पुढे झुकायचं, उताराला मागे सरकायचं, आडव्या उतारावर वरच्या बाजूला वजन टाकायचं. दोन तासांत मनगटं आणि थ्रॉटल (वेगाची कळ) दाबणारा अंगठा बोलू लागतात.

साइड-बाय-साइडमध्ये स्टिअरिंग, सीटबेल्ट, रोल केज (उलटली तर वाचवणारी नळ्यांची चौकट), शेजारी सोबतीही. गाडी कलंडू लागली की हात बाहेर काढायचा मोह होतो. चिरडतो तो तोच हात.

दोन्हींत बहुधा सीव्हीटी बेल्टच असतो, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा रबरी पट्टा. खड्या चढावर हाय गिअरमध्ये रेटलं की बेल्ट घसरतो, तापतो, जळक्या रबराचा वास येतो. चढाच्या आधीच लो गिअर टाका. साइड-बाय-साइड जड, म्हणून तिच्या बेल्टवर ताण जास्त. जादा बेल्ट आणि तो बदलायची हत्यारं गाडीत हवीतच.

एकटे आणि अंगात दम असेल तर क्वाड. नवखा सोबती असेल तर साइड-बाय-साइड, हेल्मेट मात्र तिच्यातही.