पहिल्या महायुद्धातले पणजोबा शोधताना: आधी जुनी वर्तमानपत्रं की युद्धकबरींची नोंदवही?

घरात एखादं पदक आहे आणि 'पणजोबा बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले होते' एवढंच ठाऊक आहे. अशा वेळी बहुतेक जण थेट 'केसरी'च्या जुन्या फायली मागवतात आणि चार दिवसांत थकतात. सुरुवात कुठून करायची हे एकाच गोष्टीवर ठरतं: माणूस परत आला होता का?

परत आला नसेल तर नोंदवही

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही ऑनलाइन आणि फुकट आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू तीत येतात. हुद्दा, नंबर, पलटण, तारीख, आणि बऱ्याच नोंदींत शेवटी एक ओळ: अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा. ही ओळ मिळाली की निम्मं काम झालं.

घोटाळा होतो स्पेलिंगचा. इंग्रज कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. शिंदेचं 'सिंदे', पवारचं 'पोवार', जाधवचं 'जादव'. म्हणून आडनाव सोडा. 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका, आणि तोही दोन-तीन स्पेलिंगांनी. नुसत्या नंबरवर विसंबू नका, प्रत्येक पलटण आपापले नंबर देत असे, त्यामुळे एकच नंबर अनेकांचा असू शकतो. आणखी एक: बसरा स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरली नव्हती, फक्त संख्या होती. भिंतीचा फोटो पाहून 'आपलं नाव नाही' असं ठरवणं अन्यायाचं होईल.

पलटण ओळखताना १९२२ लक्षात ठेवा. त्या वर्षी जुन्या मराठा पलटणींचे आकडे बदलले: १०३वी पहिली झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी. घरात 'तिसरी मराठा' म्हणत असतील, तर युद्धकाळातल्या कागदांत ११०वी शोधायची. महार सैनिकांची १११वी पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं.

परत आला असेल तर वर्तमानपत्र

इथे नोंदवही मुकी आहे. वर्तमानपत्रात मात्र भरतीच्या सभा, सत्कार, शौर्यपदकांच्या बातम्या, जिल्ह्याची बातमीपत्रं सापडतात. घरी मागे काय चाललं होतं ते दुसरीकडे क्वचितच मिळतं. 'केसरी' साप्ताहिक होता, मंगळवारचा; वर्षाचे बावन्नच अंक, त्यामुळे वर्षभराचे सगळे अंक चाळणं शक्य आहे. 'ज्ञानप्रकाश' १९०४ पासून दैनिक. मजकूर जास्त, पण तारीख हातात असल्याशिवाय त्यात शिरू नका. जिल्ह्याच्या पत्राचा संच मिळाला तर तो आधी.

अपेक्षा बेताची ठेवा. मृत आणि जखमींच्या याद्यांत अधिकाऱ्यांची नावं असत, शिपायांचा बहुधा आकडाच. शिवाय १९१० चा प्रेस कायदा आणि १९१५ चा भारत संरक्षण कायदा, त्यामुळे पलटण नेमकी कुठे आहे हे छापत नसत. ११०वी आणि ११७वी कूतला (हेही आजच्या इराकमध्ये) तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. शरणागती २९ एप्रिल १९१६ची, त्यानंतरचा 'केसरी' २ मेचा. पण कैद्यांची खबर घरी पोचायला पुष्कळ काळ गेला. १९१९ पर्यंतचे अंक पाहावेच लागतात.

अंकावर शके असेल तर ७८ मिळवा; जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानचा अंक असेल तर ७९. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि आधी तारखेसह मथळा, मग पूर्ण पान, मग बातमी असा क्रम पाळा. तारखेविना काढलेलं कात्रण पुढे कशालाच जोडता येत नाही.

तिसरा कागद

लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्धदैनंदिन्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. शिपायाचं नाव क्वचितच भेटतं. पण मृत्यूची तारीख कळली की त्या दिवशी पलटण कोणत्या खंदकात होती, हे कळू शकतं. त्यामुळे ही पायरी शेवटची.

सापडलेला माणूस आपलाच आहे असं म्हणण्याआधी वडिलांचं नाव, गाव आणि पलटण, तिन्ही जुळली पाहिजेत. त्यातली दोनच जुळली, तर तो बहुधा भावकीतला दुसरा कोणी असतो.