साधं स्केलिंग की डीप क्लीनिंग? आधी मिलिमीटर विचारा

"दात साफ करायला गेले होते, तर डीप क्लीनिंग सांगितलं. चार वेळा यावं लागेल म्हणाले. करू का?" हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर म्हणून हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. गोंधळ होणं साहजिक आहे. आपण दोन्ही कामांना 'दात साफ करणं'च म्हणतो, पण त्यातलं एक निरोगी हिरड्यांसाठी असतं आणि दुसरं आजारी हिरड्यांसाठी.

साध्या स्केलिंगमध्ये हिरडीच्या वरचं आणि तिच्या कडेशी साचलेलं कीटण काढतात. कीटण म्हणजे दातावरचा जंतूंचा चिकट थर, लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा झालेला. थर मऊ असेपर्यंत ब्रशने निघतो, घट्ट झाला की नाही. खालच्या पुढच्या दातांमागे जीभ फिरवून बघा, बहुतेकांना तिथे खरखरीत लागेल. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात, म्हणून कीटण आधी तिथे धरतं. मशीनचं टोक वेगाने थरथरतं, त्या धक्क्याने कीटणाचे तुकडे पडतात. टोक तापू नये म्हणून पाणी सुटत राहतं. काम बहुधा एकाच बैठकीत होतं आणि भूल द्यावी लागत नाही.

डीप क्लीनिंगमध्ये हिरडीच्या आत जावं लागतं. आजाराने हिरडी दातापासून सुटते आणि मधे खोबण तयार होते, तिला आम्ही पॉकेट म्हणतो. त्या पॉकेटमध्ये, थेट मुळाला चिकटलेलं कीटण काढायचं असतं. त्यासाठी इंजेक्शन देऊन जागा सुन्न करतात आणि एका वेळी अर्धं किंवा पाव तोंड करतात. म्हणून दोन ते चार फेऱ्या होतात. फेऱ्या जास्त म्हणून डॉक्टरवर लगेच संशय घेऊ नका, आणि डॉक्टर म्हणाले म्हणून लगेच होही म्हणू नका.

ठरवायचं कशावरून? आकड्यांवरून. आमच्याकडे प्रोब नावाची बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती दात आणि हिरडीच्या मधे हलकेच घालून प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर असेल तर काळजी नाही. अशा हिरड्यांतून रक्त येत असलं, तरी साधं स्केलिंग आणि घरची नीट सफाई पुरते. 4 मिलिमीटर आणि रक्त असेल तर तिथे लक्ष द्यायला हवं. 5-6 किंवा त्याहून जास्त असेल आणि एक्स-रेमध्ये दाताभोवतीचं हाड उतरलेलं दिसत असेल, तर साधं स्केलिंग करून परत जाणं म्हणजे आजार आत तसाच ठेवणं. तेव्हा डीप क्लीनिंगच करा. पण मोजमाप नाही, एक्स-रे नाही आणि नुसतं आरशात बघून डीप क्लीनिंग सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

एका गोष्टीची मला फार काळजी वाटते. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार बराच वाढला तरी कळत नाही. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका तर "मिश्रीने दात घट्ट राहतात" म्हणून सांगतात. अशाच एक मावशी आल्या होत्या. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं, फक्त पुढचे दोन दात हलत होते. प्रोब घातली तर 7 मिलिमीटर आत गेली. मी त्यांच्या हातात आरसा दिला आणि सळईवरची खूण दाखवली. मावशी म्हणाल्या, "एवढं आत? आणि मला कळलंच नाही." तंबाखू किंवा मधुमेह असेल, तर काही त्रास नसतानाही एकदा मोजून घ्याच. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही.

"साफ केल्यावर दात हलायला लागतात" ही भीती दोन्हींबाबत आहे. हाड उतरलेले दात कधीकधी कीटणाने एकमेकांना चिकटून उभे असतात. ते काढलं की आधीचंच हलणं उघड होतं. डीप क्लीनिंगनंतर सूज उतरून हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात, मधे फटी दिसतात, काही आठवडे थंड झोंबतं. हे कोणी आधी सांगितलं नाही, तर पेशंट घाबरून पुढची बैठक चुकवतो. साध्या स्केलिंगनंतर झोंबलंच तर बहुधा थोडे दिवस.

दर सहा महिन्यांनी करायलाच हवं का? ज्यांना हिरड्यांचा गंभीर आजार नाही अशा प्रौढांवरचे अभ्यास 2018 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने एकत्र तपासले. ठरावीक सहा किंवा बारा महिन्यांनी स्केलिंग केल्याने हिरड्यांच्या तब्येतीत दोन-तीन वर्षांत फारसा फरक पडलेला दिसला नाही. म्हणून तपासणी चुकवू नका, स्केलिंग मात्र कीटण बघून ठरवा. डीप क्लीनिंग झालेल्यांना ही सवलत नाही, त्यांना साधारण दर तीन-चार महिन्यांनी यावं लागतं.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईत नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयात, तसंच नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात बांबोळी इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत कमी खर्चात दोन्ही होतं. विद्यार्थी काम करतात, शिक्षक तपासतात. वेळ जास्त जातो, पण मोजमाप सहसा सविस्तर होतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयात कृत्रिम झडप असेल, तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

आणि डीप क्लीनिंग करायचं ठरलं, तर पहिल्या मोजमापाच्या कागदाचा फोटो काढून ठेवा. सहा-आठ आठवड्यांनी त्याच जागा पुन्हा मोजतात. 6 चा 4 झाला का, रक्त थांबलं का, हे तुम्हीच दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा.