इन्स्क्रिप्टवर आठ महिने: 'पाणी'चं 'जोलग' झालं तिथपासून

ठाण्यात वर्तकनगरला आमची सोसायटी. तिच्या नोटिसा लिहायचं काम गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. तोवर मी रोमनमध्ये बडवून मराठी उमटवणाऱ्यातला. 'दुसऱ्या', 'पुरवठ्याच्या' असले शब्द आले की पडद्यावर सुचवलेल्या शब्दांच्या यादीत शोधत बसायचं. शेवटी वैतागून विंडोजमधलाच मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे कळ दाबली की थेट देवनागरी अक्षर देणारी मांडणी, सुरू केला. तो फुकट. खर्च झाला तो फक्त गोखले रोडवरून आणलेल्या देवनागरी स्टिकरांचा.

पहिल्याच नोटिशीत सवयीने पी, ए, एन, आय दाबलं आणि पडद्यावर आलं 'जोलग'. आमचे चिरंजीव अजून विचारतात, "बाबा, आज जोलग येणार ना?"

फसवतो तो 'के'. त्या कळीवर खरंच 'क' आहे, त्यामुळे वाटतं बाकीचंही असंच असेल. मग 'एम'वर 'स' निघतो. आवाजाचा नाद सोडला तेव्हा कुठे रचना दिसायला लागली: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'क'च्या कळीवर शिफ्टने 'ख', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ'. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकातली, इतर भारतीय लिप्यांनाही हीच. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकांना त्यांची भाषा निवडून दिली, तर त्यांचाही 'क' तिथेच!

तिसरा आठवडा सगळ्यात वाईट. रात्री अकराला पंप बिघडला, नोटीस तातडीची, मी गुपचूप रोमनवर परत. असं चारदा झालं आणि दरवेळी बोटं पुन्हा गोंधळली. मग ते रोमनवालं साधन कॉम्प्युटरवरून काढूनच टाकलं. दीडेक महिन्याने जुना वेग आला. आता शिफ्ट धरून 'जे', मग अक्षराचा पाय मोडणारा 'डी', मग 'य' आणि काना, की 'ऱ्या' तयार. यादी नाही, शोधाशोध नाही.

स्टिकर मात्र चूक ठरले. नजर सारखी खाली जाते. त्यापेक्षा तक्ता छापून पडद्याशेजारी चिकटवा. माझ्या मांडणीत प्रश्नचिन्हच नाही, त्यासाठी इंग्रजीत जावं लागतं. नोटिशीत प्रश्न विचारायची वेळ कमी येते म्हणा. मेंटेनन्स थकवणाऱ्यांना विचारतो तेवढंच.

मोबाईलवर अजून रोमनच. तिथे दोन अंगठ्यांत डावा-उजवा हिशेब जमत नाही, आणि व्हॉट्सॲपवर 'ऱ्या' चुकला तरी कोणी बोलत नाही.