कॅथलिक थिऑलॉजी घरच्या घरी: पावसाळ्यापासून वापरलेला प्लॅन

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला थिऑलॉजीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा, अभ्यास सुरू केला, आता इकडं साखर कारखान्यांचे पट्टे पडायला, म्हणजे हंगाम संपायला आलेत, म्हणजे बऱ्यापैकी वापर झालाय. त्यामुळं लिहायला हरकत नाही.

आधी मी कुठनं बोलतोय ते सांगतो. आमचं घर कोल्हापूरच्या जुन्या मिशनवाल्यांपैकी, १८५२ ला वाइल्डर साहेब हे अमेरिकन मिशनरी इथं आले त्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतलं. बायको वसईची, कॅथलिक. सासरवाडीला गेलं की जेवताना विषय निघतोच, आणि हे लोक नेमकं काय मानतात ते मला त्यांच्याच पुस्तकांतून बघायचं होतं. चर्च बदलायचं वगैरे डोक्यात नाही. वेळ म्हणाल तर रात्री जेवण झाल्यावर तासभर, बास.

नेटवर याद्या लई मिळतात. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टिनपासून सुरू करून पार विसाव्या शतकातल्या राहनरपर्यंत पुस्तकांची रांग, नोकरीवाल्या माणसानं ते कधी वाचायचं? एका साइटचा पैसे भरून कोर्स पण घेतला होता, त्यात निम्मा वेळ दुसऱ्यांना कसं खोडायचं यातच गेला. सोडला.

मग प्लॅन एकाच पुस्तकाभोवती बांधला, कॅटेकिझम ऑफ द कॅथलिक चर्च, म्हणजे चर्चची सगळी शिकवण एकत्र मांडणारं अधिकृत पुस्तक. १९९२ चं, अधिकृत लॅटिन आवृत्ती १९९७ ची, एकूण २८६५ परिच्छेद आणि चार भाग, श्रद्धा, संस्कार, आचरण, प्रार्थना. व्हॅटिकनच्या साइटवर फुकट आहे. पण माझं म्हणणं असंय की हे पुस्तक सलग वाचायचंच नाही. सलग वाचलं की झोप येते, खरं सांगतो. वाचायच्या त्या तळटीपा. पानोपानी टिपा आहेत, कधी बायबल, कधी ३२५ ची नायसिया परिषद (परिषद म्हणजे बिशपांची मोठी सभा), कधी ४५१ ची कॅल्सेडन, कुठं ऑगस्टिन, कुठं तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस, कुठं १९६२-६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद. सिलॅबस म्हणून लोक जे शोधत फिरतात ते तिथं बारीक अक्षरात आयतं पडलंय.

उदाहरणार्थ पर्गेटरी, म्हणजे मेल्यावर स्वर्गात जायच्या आधी आत्म्याची शुद्धी होते ती अवस्था. आमच्याकडं हा शब्द काढला की भुवया वर. कॅटेकिझममध्ये मुख्य मजकूर किती, तर १०३० ते १०३२, तीन परिच्छेद! सासरे यावर जेवढं बोलतात त्याच्या पावपट पण नाही. पण टिपा धरून गेलो तर १०३१ नं फ्लॉरेन्स आणि ट्रेंट या परिषदांकडं पाठवलं, १०३२ नं दुसऱ्या मक्काबी पुस्तकाच्या १२ व्या अध्यायाकडं. आता आमच्या घरातल्या बायबलात ६६ पुस्तकं, त्यात मक्काबी नाहीच, कॅथलिक बायबल ७३ चं. म्हणजे मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची की नाही या प्रश्नावरनं मी डायरेक्ट बायबलात कुठली पुस्तकं धरायची या प्रश्नावर आलो, आणि तिथं पंधरा-वीस दिवस अडकलो, पण ते अडकणं कामाचं होतं. कुठल्याही यादीनं मला या क्रमानं नेलं नसतं.

सुरुवातीचे १८ ते २२ परिच्छेद मात्र सोडू नका, पुस्तक कसं वापरायचं ते तिथं सांगितलंय, समासातले आकडे कशाला, बारीक टाइप कशाला, प्रकरणाच्या शेवटचा सारांश कशाला. घाईचा दिवस असला तर मी नुसता तो सारांश वाचतो.

जुनी छापील प्रत स्वस्तात मिळाली तर घ्या, पण २२६७ क्रमांक ऑनलाइन बघा. फाशीच्या शिक्षेवरचा हा परिच्छेद पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये बदलला, जुन्या प्रतीत जुनाच मजकूर असणार.

तक्रारी पण आहेत. मोठी तक्रार ही की सगळं एकाच सुरात लिहिलंय. कुठली गोष्ट परिषदेनं ठाम ठरवलेली, कुठली नुसती सध्याची शिकवण, हे नवख्याला कळत नाही. परिच्छेद ९० मध्ये सत्यांची उतरंड असते असं म्हटलंय, पण कुठलं सत्य कुठल्या पायरीवर ते काही लिहिलेलं नाही. बायकोच्या ओळखीच्या एका फादरना विचारलं, ते म्हणाले दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा चर्चवरचा दस्तऐवज आहे, लुमेन जेन्शियम, त्याचा २५ वा भाग वाचा. त्यानं बरंच सुटलं. या परिषदेचे एकूण १६ दस्तऐवज आहेत, मी त्यातली चार कॉन्स्टिट्यूशनच, म्हणजे सगळ्यात वजनदार तेवढीच घेतली, आणि माझ्यासारख्या प्रोटेस्टंट माणसानं त्यातलं आधी देवाच्या प्रकटीकरणावरचं देई व्हेर्बुम घ्यावं. २६ च कलमं, आणि बायबल मोठं की चर्चची परंपरा हे आपलं नेहमीचं भांडण ९-१० मध्ये समोरासमोर येतं. मला त्यांचं उत्तर पटलं नाही, पण मी ज्याच्याशी भांडत होतो ते त्यांचं उत्तरच नव्हतं हे कळलं.

दुसरं म्हणजे तत्त्वज्ञान. चर्चच्या कायद्यात, कॅनन २५० मध्ये, पाद्री होणाऱ्यांना सहा वर्षांत दोन तत्त्वज्ञानाची आणि चार थिऑलॉजीची सांगितलीत. याद्यावाले ही पहिली दोन खुशाल गाळतात. ॲरिस्टॉटलचा ‘द्रव्य’ वगैरे विचार थोडाफार माहीत नसेल तर कॅटेकिझमच्या १३७६ मध्ये ट्रेंटचा १५५१ चा जो उतारा आहे, भाकर-द्राक्षारसाचं ख्रिस्ताचं शरीर-रक्त होण्याबद्दलचा, तो नुसता पाठ होईल, डोक्यात शिरणार नाही. थॉमस अक्वायनसचं सुम्मा हे थोरलं पुस्तक पण टीप पाठवेल तेवढंच वाचतो. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांमुळं त्याची मांडणी आपल्याला तशी परकी नाही, आधी पूर्वपक्ष, मग सिद्धांत, मग एकेका आक्षेपाला उत्तर. फक्त सुरुवातीचे आक्षेप म्हणजे थॉमसचं मत नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

मराठीत काय, हा प्रश्न येणारच. १६१६ चं फादर स्टीफन्सचं, बायबलची कथा ओव्यांत सांगणारं ख्रिस्तपुराण आहे की! जवळपास ११ हजार ओव्या. क्रमवार थिऑलॉजी नाही ती, पण दिवसभर इंग्रजी वाचून डोकं शिणलं की मी आईला त्यातल्या ओव्या मोठ्यानं वाचून दाखवतो, तिला भाषा अवघड जाते पण ठेका आवडतो. ज्यांना रीतसर डिग्री पाहिजे त्यांच्यासाठी पुण्यात ज्ञानदीप ही कॅथलिक धर्मशिक्षणाची संस्था आहे, हा प्लॅन त्याची जागा घेणारा नाही.

पहिला भाग झाला, दुसरा निम्म्यावर आहे, तिसऱ्याला अजून हात लावलेला नाही. राजारामपुरीत प्रिंट काढून स्पायरल करून घेतलंय. तुम्ही करणार असाल तर टिपा वेगळ्या वहीत बांधून घ्या, कारण साइटवर त्या पानाच्या शेवटी येतात आणि सारखं मागंपुढं करून माझं स्पायरल पार उसवलंय.