आग विझवायच्या फोमच्या केससाठी दोन वकील करून पाहिले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, कुठल्याच ऑफिसचं नाव लिहिणार नाहीये. केस चालू आहे आणि सही केलेल्या कागदात बारीक अक्षरात काय काय आहे देव जाणे. पहिल्या ऑफिसला पाचपैकी एक स्टार, तोही फोन उचलला म्हणून. दुसऱ्याला साडेतीन.

आम्ही पेनसिल्व्हेनियात हॉर्शमला २००२ पासून राहतो. जवळच विलो ग्रोव्हचा नेव्हीचा तळ होता, २०११ मध्ये बंद झाला. तेव्हा डोक्यावरून विमानं जायची तेवढाच त्रास वाटायचा. पण तिथे आग विझवायचा फोम वर्षानुवर्षं ट्रेनिंगला आणि हँगरमध्ये वापरला, तो जमिनीत मुरला, तिथून विहिरींत आणि तिथून आमच्या नळाला. २०१४ मध्ये टाउनशिपच्या काही विहिरी बंद केल्या तेव्हा पीफास हा शब्द पहिल्यांदा ऐकला, म्हणजे त्या फोममधली, सहज न विरघळून जाणारी, न मोडणारी रसायनं. म्हणजे बारा वर्षं त्याच पाण्याचा चहा, वरण, पोरांची पेज, सगळं. आणि मी शहाणी, सासूबाईंनी सांगितलं म्हणून रोज पाणी उकळून, गाळून, गार करून ठेवायचे! उकळून हे जात नाही बरं का, पाण्याची वाफ होऊन जाते आणि हे तसंच मागे राहतं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नवऱ्याची सोनोग्राफी पित्ताच्या खड्यासाठी केली आणि डाव्या किडनीत गाठ सापडली. कॅन्सर. जानेवारीत किडनी काढली, आता बरे आहेत, चालायला जातात, माझ्यावर ओरडतात, म्हणजे बरेच आहेत. डॉक्टरांना विचारलं पाण्याने झालं का, तर ते म्हणाले एका माणसाच्या बाबतीत असं छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. ते पटलं मला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०२३ मध्येच पीएफओएला, म्हणजे पीफासमधल्याच एका रसायनाला, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, आणि इथल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या २०२० च्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात पीएफओए सगळ्यात जास्त होतं त्यांच्यात किडनीच्या कॅन्सरचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. हे वाचल्यावर झोप कुठली लागते.

केसचं डोक्यात घातलं ते शेजारच्या आजोबांनी. तीस वर्षं व्हॉलंटियर फायरमन. ते सांगतात, ट्रेनिंग झालं की फोम गुडघाभर साचायचा, त्यातच बसून सँडविच खायचे, कारण सगळ्यांना वाटायचं साबणच आहे. थ्रीएम कंपनीच्या फोमचं ब्रँडनेमच मुळी लाइट वॉटर होतं, घ्या! आजोबांचं थायरॉइड गेलं, त्यांनी फोम बनवणाऱ्या कंपन्यांवर केस केलीये. तुम्हीही करा म्हणाले, उशीर करू नका.

तर मी टीव्हीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवला, जून २०२५. इथून रिव्ह्यू सुरू.

पहिलं ऑफिस: फोन दोन मिनिटांत लागला, बाई गोड बोलली, तुम्ही फायरमन होता का, मिलिटरी बेसवर काम केलंत का, आजार कुठला, कधी निदान झालं, बास. पंधरा मिनिटांत फोनवर ई-सहीचा कागद आला. मला वाटलं वा, काय सर्व्हिस आहे. मग कळलं की ते वकीलच नाहीत, ते फक्त नावं गोळा करून पुढच्या वकिलाला देतात, आणि तो तिसऱ्याच राज्यातल्या कोणाला तरी. फी चाळीस टक्के, आणि खर्च आधी वजा की नंतर हे तीन वेळा विचारूनही कोणी सांगेना. जुलै गेला, ऑगस्ट गेला, प्रत्येक वेळी नवा माणूस फोनवर आणि प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून कॅन्सरची गोष्ट सांगायची. चौथ्यांदा सांगताना मीच रडले. अहो, पेनसिल्व्हेनियात अशा दाव्याला दोनच वर्षांची मुदत असते हे त्यांच्यापैकी एकानेही तोंडातून काढलं नाही! आमचे नोव्हेंबरमध्ये दोन वर्षं पूर्ण होत होते.

हे मला सांगितलं दुसऱ्या ऑफिसने. आजोबांच्या ओळखीचं, छोटं, रिसेप्शनवर एकच मुलगी. त्या वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न निदानाच्या तारखेचा केला आणि कॅलेंडर समोर ओढलं. आजार कशामुळे झाला हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासूनही मुदत मोजता येते म्हणे, पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पहिल्या ऑफिसला आधी लेखी पत्र पाठवून मोकळं व्हा म्हणाल्या, त्यालाही दोन आठवडे गेले. इथे फी तेहतीस टक्के, खर्च आधी वजा, तसं कागदावर लिहून दिलं. ऑक्टोबरमध्ये केस दाखल झाली.

त्यांनी जे समजावलं ते इथे लिहिते, कारण आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक काहीही पाठवतात. या सगळ्या केसेस साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनच्या फेडरल कोर्टात जज गर्गेल यांच्यासमोर एकत्र ठेवल्यात, २०१८ पासून. पण ही सगळ्यांची मिळून एक केस नाही, प्रत्येकाची वेगळी, फक्त आधीचं काम एकत्र चालतं. आणि ते तडजोडीतले थ्रीएमचे १०.३ ते १२.५ अब्ज डॉलर आणि ड्युपाँट वगैरेंचे १.१८५ अब्ज, ज्यांची बातमी फिरते ना, ते पाणी पुरवणाऱ्या संस्थांना आहेत, पाणी शुद्ध करायला. तुम्हाआम्हाला त्यातला एक सेंट नाही! आजारी माणसांचे दावे वेगळे चालतात आणि तिथे आजारांची यादी ठरलेली आहे, किडनी, वृषण, थायरॉइड, लिव्हर, अल्सरेटिव्ह कोलायटिस असे. नुसती भीती वाटते म्हणून केस होत नाही. पहिल्या ट्रायलसाठी निवडलेल्या किडनीच्या केसेस आमच्याच पेनसिल्व्हेनियातल्या होत्या म्हणून आम्ही ऑक्टोबरकडे डोळे लावून बसलो होतो, तर त्या कोर्टाबाहेरच मिटल्या.

दीड स्टार का कापला? कागद. हॉस्पिटलचे रिपोर्ट, पॅथॉलॉजी, इथे कधीपासून कधीपर्यंत राहिलो त्याचे पुरावे, घराची डीड, पाण्याची बिलं, सगळं मीच गोळा करतेय. त्यांची मुलगी फक्त यादी पाठवते आणि ईमेलला उत्तर आठवड्याने. दुसरं म्हणजे रक्ताची टेस्ट करायची का यावर दोन वेळा दोन उत्तरं दिली. शेवटी आम्ही पदरचे पैसे घालून केली, नंबर जास्तच आला, पण आता जास्त म्हणजे पूर्वी किती असेल हे कोण सांगणार, हे रक्तातून अर्धं व्हायलाच काही वर्षं लागतात. २०१८ मध्ये राज्याने इथल्या २३५ लोकांचं रक्त तपासलं होतं तेव्हाही आकडे देशाच्या सरासरीच्या वरच होते.

नवऱ्याला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास सापडलाय, २८५ फायरमन, ज्यांनी वर्षभर नियमित प्लाझ्मा दिला त्यांच्या रक्तातलं पीफास उतरलं. हे आता प्लाझ्मा द्यायला निघालेत, कॅन्सर होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोवर! मी ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय घराबाहेर सोडणार नाहीये.

सिंकखाली आरओ फिल्टर बसवलाय, एनएसएफ ५८ चा, म्हणजे आरओ फिल्टरच्या मानकाचा, शिक्का बघून घेतला, पाण्याचा फ्लो अगदी मुंगीसारखा पण त्याला चार स्टार. टाउनशिपने पाणी आता बरंच स्वच्छ केलंय तरी मी काढणार नाही. माझं माहेर चिपळूणचं. इटलीत त्रिसिनोला पीफास बनवणारा मिटेनीचा कारखाना पाणी बाटवून २०१८ मध्ये बंद पडला, त्याची यंत्रं तिकडून आमच्या चिपळूणजवळच्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आली हे वाचलं तेव्हापासून भावाला फोन केला की पहिला प्रश्न तोच, विहिरीचं पाणी पिता का रे? तो म्हणतो ताई तू अमेरिकेत जाऊन फार घाबरट झालीस.

तर, कोणाला केस करायची असेल तर जाहिरातीतल्या नंबरला सही देण्याआधी तीन गोष्टी विचारा. तुम्ही स्वतः वकील का, माझी मुदत कधी संपते, आणि टक्के खर्चाच्या आधीचे की नंतरचे. उत्तर देताना अडखळले की फोन ठेवा.

परवा वकीलबाईंच्या ऑफिसातून मेल आलाय, २००६ चं एखादं पाण्याचं बिल मिळेल का म्हणून. बेसमेंटमध्ये गणपतीच्या मखराच्या खोक्याखाली जुन्या फायली आहेत, रविवारी उपसणार. सापडलं तर स्टार वाढवेन.