दोन इंटरनेट लाइन असूनही ऑफिसचे फोन का बंद पडतात? क्लाउड पीबीएक्स आणि ड्युअल-वॅन राउटर, वापरानंतरचा अनुभव

आमचं ऑफिस नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. मशीनचे सुटे भाग पुरवतो आणि बहुतेक ऑर्डरी अजूनही फोनवरच येतात. पावसाळ्याच्या तोंडावर जुनी ईपीएबीएक्स (ऑफिसातली फोन एक्स्चेंजची पेटी) काढून क्लाउड पीबीएक्स घेतली, म्हणजे तेच एक्स्चेंज इंटरनेटवरच्या सर्व्हरवर. टेबलांवर आयपी फोन, मुख्य लाइन फायबरची, जोडीला फोरजी, आणि दोन्ही सांभाळायला ड्युअल-वॅन राउटर. आता दिवाळी होऊन गेली.

आवाज, रेकॉर्डिंग, मोबाइलवरचं ॲप, कशाबद्दलच तक्रार नाही. लिहायचंय ते फेलओव्हरबद्दल, म्हणजे एक लाइन बंद पडली की आपोआप दुसरीवर जाण्याबद्दल.

डेमोच्या वेळी बसवणाऱ्याने राउटरमधून फायबरकडची लॅन केबल काढली. काही सेकंदांत फोरजी सुरू झालं, फोनही वाजले. पुढे रस्त्याच्या खोदकामात खरी केबल तुटली, तेव्हा ब्राउझर चालू, व्हॉट्सॲप चालू आणि डेस्क फोन सगळे बंद. ना कॉल येतो, ना जातो. राउटर रीस्टार्ट केला की सुरू.

कारण कळायला वेळ लागला, पण ते समजून घेण्यासारखं आहे. फोन आणि सर्व्हर यांच्यातलं सिप सिग्नलिंग (कॉल लावण्या-तोडण्याचे निरोप) आमच्याकडे यूडीपीवर चालतं, म्हणजे कनेक्शन न जोडता सुटी पॅकेट पाठवून. कोणता फोन कोणत्या लाइनने, कोणत्या पत्त्याने बाहेर गेला याची नोंद राउटर ठेवतो. ही नोंद दोन-तीन मिनिटं शांत राहिली तर आपोआप पुसली जाते. पण फोन दर थोड्या सेकंदांनी कीप-अलाइव्ह ('मी चालू आहे' असं छोटं पॅकेट) पाठवत राहतो, त्यामुळे ती कधी शिळी होतच नाही, आणि पॅकेट जुन्या लाइनच्या नावानेच जात राहतात. ब्राउझर नवीन कनेक्शन उघडतो, म्हणून त्याला काही अडचण येत नाही.

मग डेमोत का चाललं? लॅन केबल काढली की पोर्टच बंद होतो आणि राउटर त्या लाइनच्या नोंदी टाकून देतो. खऱ्या बिघाडात ओएनटी (ऑफिसात फायबर जिला जोडलेली असते ती पेटी) चालूच असते, पोर्टचा दिवा हिरवा असतो, तुटलेलं असतं ते पुढे कुठेतरी. म्हणून चाचणी घ्यायची तर लॅन केबलला हात लावू नका, ओएनटीतून फायबरची पॅचकॉर्ड काढा. टोकावर धूळ बसू देऊ नका, वायर मुडपू नका, आणि त्या टोकात डोकावून पाहू नका.

आमचा इलाज राउटरच्या सेटिंगमध्येच होता: लाइन बदलली की जुन्या कनेक्शनच्या नोंदी पुसणे. काही राउटरांत हा पर्याय तयार असतो, काहींत छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. घेण्याआधी विक्रेत्याला हेच विचारा. सोबत फोनच्या रजिस्ट्रेशनची (सर्व्हरकडे आपला पत्ता नोंदवण्याची) मुदत ३६०० सेकंदांवरून १२० वर आणली, नाहीतर सर्व्हर तासभर जुन्याच पत्त्यावर कॉल पाठवत बसू शकतो. सिप एएलजी (राउटरने सिपच्या पॅकेटांत स्वतःच फेरफार करण्याची सोय) बंद केलं, त्याने एकतर्फी आवाजाची कटकटही गेली. राउटर लाइन तपासायला ज्या पत्त्यावर पिंग करतो, तो बाहेरचा हवा. ओएनटीचाच पत्ता दिला तर ती फायबर तुटल्यावरही इमानदारीने उत्तर देत राहते.

परतीचा प्रवासही तितकाच महत्त्वाचा. फायबर जोडताना लाइन येते-जाते, आणि राउटर दर वेळी उडी मारून परत गेला की चालू कॉल तुटतात. मुख्य लाइन सलग दहा मिनिटं ठीक असेल तरच परत जा, असं लावून घेतलंय.

एक मर्यादा राहतेच. लाइन बदलते त्या क्षणी चालू असलेला कॉल तुटतो, कारण बाहेरचा पत्ताच बदलतो. तो वाचवायचा तर दोन्ही लाइनींवरून टनेल (बाहेरचा पत्ता एकच ठेवणारी जोडणी) चालवणारी महागडी व्यवस्था लागते. आमच्यासारख्या छोट्या ऑफिसला ती परवडत नाही, आणि गरजही नाही.

नवीन येणाऱ्या कॉलसाठी मात्र पीबीएक्समध्ये १५ सेकंदांत उत्तर नाही तर मोबाइलवर, असा नियम जरूर ठेवा. 'फोन रजिस्टर नसेल तर मोबाइलवर' एवढंच ठेवलं तर पुरत नाही. लाइन तुटल्यावरही आधीची मुदत संपेपर्यंत सर्व्हरच्या लेखी फोन हजरच असतो, आणि सिपच्या मूळ वेळापत्रकाप्रमाणे उत्तर न येणारा कॉल सोडायला ३२ सेकंद जातात. तोवर ग्राहक फोन ठेवून दुसऱ्या दुकानाला लावतो.