मूत्राशयाची जाणीव नळी न घालता मोजायची, तर काय निवडावं?

लघवीला सारखं लागतं, लागलं की थांबवत नाही, किंवा उलट तासन्तास लागतच नाही. अशा तक्रारीत डॉक्टर कधी कधी युरोडायनॅमिक तपासणी सुचवतात. तिच्यात मूत्रमार्गातून बारीक नळी घालून मूत्राशयात सलाइन भरतात आणि पहिली जाणीव, पहिली इच्छा, तीव्र इच्छा कधी झाली ते रुग्णाला विचारून नोंदवतात. आतला दाब कळण्यासाठी ही तपासणी उत्तम आहे. जाणिवेच्या बाबतीत मात्र तिची अडचण होते. मूत्रपिंडं एरवी मिनिटाला 1 ते 2 मिलिलिटर लघवी तयार करतात, आणि इथे बऱ्याचदा मिनिटाला 20 ते 50 मिलिलिटर भरलं जातं. त्यात नळी टोचत असते, अनोळखी माणसं समोर उभी असतात. अशा वेळी जे जाणवतं ते रोजचं जाणवणं नसतं. म्हणून नळीविना पर्याय आधी नीट समजून घ्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांत आधी लघवीची डायरी. तीन दिवस, मापाचं भांडं, आणि प्रत्येक वेळी तीन नोंदी: वेळ, किती झाली, घाई किती होती. घाईसाठी 0 ते 4 अशी श्रेणी वापरतात. 0 म्हणजे घाई अजिबात नाही, 1 म्हणजे लागली आहे पण हवं तितका वेळ थांबता येईल, 2 म्हणजे थोडाच वेळ थांबता येईल, 3 म्हणजे धावावंच लागलं, 4 म्हणजे पोहोचण्याआधीच गळाली. घाईची ही नोंद बरेच जण गाळतात आणि नुसते मिलिलिटर लिहितात. तसं केलं तर डायरीचा अर्धा जीव जातो. 120 मिलिलिटरला वारंवार 3 येत असेल, तर मूत्राशय लवकर कुरकुरतोय. 450 ला 3 येत असेल, तर त्यात वावगं काही नाही. आणि दर वेळी 0 असूनही दिवसातून बारा वेळा जाणं होत असेल, तर ती सवय किंवा धास्ती असू शकते. तिचा उपायही वेगळा. चोवीस तासांची बेरीज वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिलिटरच्या वर गेली, तर मुळात लघवीच जास्त तयार होते आहे. मग पिण्याचं प्रमाण आणि रक्तातली साखर आधी बघावी लागते.

डायरीची मर्यादाही आहे. जाणीव हळूहळू चढली की एकदम उसळली, हे तिच्यात दिसत नाही; फक्त जाण्याच्या क्षणाची नोंद होते. शिवाय संध्याकाळी आठवून भरलेल्या डायरीवर मी विसंबणार नाही. नोंद त्या त्या वेळीच व्हायला हवी.

प्रश्नावली याहून सोपी. अतिसक्रिय मूत्राशयासाठीची एक प्रचलित प्रश्नावली चारच प्रश्नांची आहे, गुण 0 ते 15. पाच मिनिटांत होते. पण ती आठवणीवर चालते आणि त्रासाची तीव्रता सांगते, जाणीव नाही. उपचाराआधी आणि नंतर फरक पडला का, हे पाहायला ती पुरेशी आहे.

पोटावरून केलेली सोनोग्राफी आकडा देते, भावना नाही. मूत्राशयाची लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकाराला 0.52 ने गुणलं की अंदाजे घनफळ मिळतं. लघवी झाल्यावर किती शिल्लक राहते, हे कळायला तिला तोड नाही, कारण शिल्लक जास्त असेल तर पुन्हा लवकर लागणं साहजिक आहे. डीफ्रीसारखी पोटावर लावायची यंत्रंही याच तत्त्वावर भरण्याचा अंदाज देतात. ज्यांना जाणीवच होत नाही, त्यांना या यंत्राच्या इशाऱ्याचा मोठा आधार होतो.

जाणीव भरता भरता मोजणारा खरा पर्याय म्हणजे पाणी पिऊन करायची चाचणी. ठरावीक प्रमाणात द्रव प्यायचं आणि मूत्राशय आपोआप भरत असताना टॅब्लेटच्या पडद्यावर 0 ते 100 टक्के अशी जाणीव सतत नोंदवत राहायचं. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातल्या संशोधकांनी असं जाणीवमापक विकसित केलं आहे. सोबत सोनोग्राफी केली की किती मिलिलिटरला किती टक्के, असा आलेखच मिळतो. मला सगळ्यांत आशादायक वाटते ती हीच पद्धत. मात्र ती अजून मुख्यतः संशोधनात आहे, जवळच्या दवाखान्यात मिळेलच असं नाही. आणि घरी स्वतःच भरपूर पाणी पिऊन हा प्रयोग करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्तातलं सोडियम कमी असेल किंवा डेस्मोप्रेसिन (लघवी कमी तयार व्हावी म्हणून देतात ते औषध) चालू असेल, तर एकदम खूप पाणी धोक्याचं ठरतं. मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून जाणीव ओळखण्याचे प्रयोगही चालू आहेत, पण आज निर्णय घेणाऱ्याला ते उपयोगाचे नाहीत.

निवड करायची झाली तर घाईच्या श्रेणीसह तीन दिवसांची डायरी आणि एकदा शिल्लक लघवीची सोनोग्राफी, ही जोडी मी आधी सुचवेन. उपचार सुरू झाला की प्रश्नावली जोडावी. डायरीत लहान लहान मापांनाच 3 येत राहिलं आणि व्यायाम किंवा औषधानेही बदल झाला नाही, तर पाणी पिऊन होणारी चाचणी कुठे होते का, ते डॉक्टरांना विचारावं.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांनी, लघवी अडणाऱ्यांनी किंवा शस्त्रक्रियेचा विचार असणाऱ्यांनी मात्र केवळ नळीच्या धास्तीने युरोडायनॅमिक टाळू नये. तिथे प्रश्न जाणिवेइतकाच दाबाचा असतो, आणि वाढलेला दाब मूत्रपिंडांना इजा करू शकतो. लघवीतून रक्त येत असेल, तर डायरी पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.